हाडांची घडमोड

रुग्णाला तीन दिवस टेट्रासायक्लिनच्या गोळ्या देतात. मग बारा दिवस काहीच नाही. पुन्हा तीन दिवस तीच गोळी. काही दिवसांनी जागा बधिर करून कमरेच्या हाडाच्या कडेतून, पोकळ सुईने, पेन्सिलीच्या जाडीचा एक तुकडा काढतात. त्यातला चुना विरघळू न देता तो प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात पक्का बसवतात, त्याचे कागदाहून पातळ काप करतात आणि एक काप अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. अंधारात दोन पिवळ्या रेघा उजळतात. त्या अगदी शेजारी शेजारी असतात, पण एकमेकींना चिकटलेल्या नसतात.

टेट्रासायक्लिन हे जुने, ओळखीचे प्रतिजैविक. त्याची एक खोड आहे: जिथे नवे हाड घडत असते, तिथे ते कॅल्शियमला धरून बसते. पहिली रेघ पहिल्या गोळ्यांच्या दिवसांची, दुसरी दुसऱ्या. मधले अंतर मोजायचे आणि मधल्या दिवसांनी भागायचे, की त्या माणसाच्या अंगात हाड रोज किती चढते ते कळते. निरोगी प्रौढात ते अर्धा ते पाऊण मायक्रॉन भरते. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतके हाड चढायला तीन-चार महिने लागतात, असा तो हिशेब.

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रुळवली. मोडलेली हाडे जोडणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता, आणि न मोडलेल्या हाडात काय चालते हे पाहण्याचा ध्यास त्यांना लागला होता. एकाच माणसात हे दोन्ही असणे या विषयाला फार मानवले. पुढच्या पानांत वाचकाला अशी माणसे पुन्हा पुन्हा भेटतील. रुग्णाच्या खाटेपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून परत खाटेपर्यंत ज्यांनी वाट पाडली, त्यांनीच अस्थिशास्त्र पुढे नेले.

मराठी माणूस 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा शेतकरी' म्हणतो तेव्हा त्याला मुळातला, कधीही न बदलणारा गुण सांगायचा असतो. मांस झडते, कातडी सुरकुतते, हाड टिकते, हा अनुभव त्या बोलीमागे आहे. चितेनंतर हाती येतात त्या अस्थीच. उत्खननात हजारो वर्षांनी सापडतो तो सांगाडाच. त्यामुळे हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की काम झाले, ही समजूत पक्की बसली आहे.

सूक्ष्मदर्शकातल्या दोन रेघा वेगळीच गोष्ट सांगतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. हे काम लहान लहान टोळ्या करतात. आधी ऑस्टिओक्लास्ट येतात. रक्तपेशींच्याच कुळातल्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून ही मोठी पेशी तयार होते. ती हाडाला चिकटून बसते, खाली आम्ल सोडून चुना विरघळवते, विकराने उरलेले धागे कापते आणि दोन-तीन आठवड्यांत एक खळगा कोरून निघून जाते. मग ऑस्टिओब्लास्ट येतात. ते कोलॅजेनचे थर घालतात, त्यावर खनिज चढते, आणि खळगा भरायला तीन-चार महिने जातात. पाडायला आठवडे, बांधायला महिने: वय झाल्यावर हाडे का विरतात याचे अर्धे उत्तर या वेळापत्रकातच आहे. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन उतरते, खळगे जास्त पडू लागतात आणि प्रत्येक खळगा काठोकाठ भरला जात नाही. दुखत काहीच नाही. मनगट मोडते किंवा मणका दबतो तेव्हा घरात पहिल्यांदा कोणीतरी म्हणते, हाडे ठिसूळ झालीत.

ही घडमोड शरीर करते तरी कशाला? एक कारण डागडुजीचे. चालण्या-धावण्याने हाडात बारीक तडे पडतात, ते काढून टाकावे लागतात. दुसरे कारण कॅल्शियमचे. अंगातल्या जवळजवळ एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत असते, आणि उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे निरोप चालतात. रक्तातली पातळी घसरू लागली की हाडातून उचल केली जाते. हाड आधार आहे तसेच कोठारही आहे, आणि अडचणीच्या वेळी कोठाराची गरज आधी भागवली जाते.

हाड जिवंत असल्याचा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा जेवणाच्या ताटात सापडला. १७३६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल होती. चौकशी केल्यावर कळले की, कापड रंगवण्यासाठी लागणाऱ्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगात भिजलेला कोंडा त्या डुकरांच्या खाण्यात होता. मांस पांढरे आणि हाड लाल, म्हणजे अन्नातला रंग हाडापर्यंत पोचला आणि तिथे थांबला. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल आणि लंडनमध्ये जॉन हंटर यांनी प्राण्यांना हा रंग कधी देऊन, कधी बंद करून हाड कुठे वाढते ते शोधले. फ्रॉस्ट यांच्या पिवळ्या रेघा त्या लाल हाडांच्याच वंशातल्या.

दुसरा धागा एका अभियंत्याने दिला. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हर्मन फॉन मायर मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. खुब्याजवळच्या जाळीदार हाडात तंतूंच्या कमानी होत्या. पूल आणि याऱ्यांची गणिते करणारे कार्ल कुलमान यांच्या ते पाहण्यात आले, आणि याच रेषा तर आपण वाकड्या यारीतला ताण दाखवायला कागदावर काढतो, हे त्यांनी ओळखले. बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी हा विचार पुढे नेला आणि १८९२ साली ग्रंथरूपाने नियम मांडला: हाडावर जसा भार पडतो तसे ते आपली घडण बदलते. टेनिसपटूचा खेळणारा हात याची साक्ष देतो, त्याच्या दंडाचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड असते. उलट बाजूची साक्ष अंतराळवीरांची. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडातले खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते.

पण भार पडला हे हाडाला कळते कसे? वोल्फ यांच्यानंतर शंभर वर्षे या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले नव्हते. ते आले ते रुग्णांच्या एका छोट्या गटाकडून.

दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर समाजात काही कुटुंबांत एक दुर्मीळ आजार होता, स्क्लेरोस्टिओसिस. हा आजार असलेली मुले वयाच्या मानाने उंच वाढतात, अनेकांची हाताची बोटे जन्मतः जोडलेली असतात, जबडा आणि कपाळ पुढे येते. त्यांची हाडे सहसा मोडत नाहीत. पण ही ताकद त्यांना फार महागात पडते. कवटी जाड होत जाते, नसा जिथून बाहेर पडतात ती भोके बुजत जातात, चेहऱ्याची बाजू लुळी पडते, ऐकू येईनासे होते, मेंदूवर दाब वाढतो आणि त्याने मृत्यूही ओढवतो. कानाचे शल्यचिकित्सक हर्मन हॅमर्स्मा यांनी या कुटुंबांची वर्षानुवर्षे देखभाल केली. असाच पण काहीसा सौम्य आजार नेदरलँड्समध्ये फान बुखेम यांनी १९५५ साली नोंदवला होता, आणि त्याची कुटुंबे उर्क या एकेकाळच्या बेटावरच्या मासेमारीच्या गावाशी नाते सांगणारी निघाली.

२००१ साली स्क्लेरोस्टिओसिसमागचा जनुक हाती लागला. तो जे प्रथिन बनवतो त्याचे नाव स्क्लेरोस्टिन. त्याचे काम लगामाचे: ऑस्टिओब्लास्टना 'पुरे' म्हणण्याचे. या रुग्णांत हा लगामच नव्हता. थोड्याच वर्षांत कळले की स्क्लेरोस्टिन बनवतात त्या ऑस्टिओसाइट, म्हणजे हाड बांधता बांधता त्यातच गाडल्या गेलेल्या पेशी. हाडातल्या दहा पेशींपैकी नऊ किंवा अधिक याच असतात. केसाहूनही बारीक नळ्यांतून हात पसरून त्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. त्यांच्याकडे बराच काळ निवृत्त पेशी म्हणून पाहिले गेले. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की, पुढच्या पायाच्या हाडावर भार दिला की ज्या जागी ताण जास्त, त्या जागी स्क्लेरोस्टिन कमी होते. लगाम ढिला, बांधकाम सुरू. वोल्फ यांच्या नियमाला अखेर एक रेणू मिळाला.

यातूनच रोमोसोझुमॅब हे औषध आले. स्क्लेरोस्टिनला धरून निकामी करणारी ही प्रतिद्रव्ये, महिन्यातून एकदा, बारा महिने. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषध न मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत एका वर्षात मणक्याचे नवे अस्थिभंग ७३ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या चाचणीत त्याची तुलना अलेंड्रोनेट या रूढ गोळीशी केली, तेव्हा हाडे अधिक वाचली, पण पहिल्या वर्षात हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग या गटात २.५ टक्के आणि गोळीच्या गटात १.९ टक्के दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती या धोक्याच्या इशाऱ्यासह. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाला हे औषध देत नाहीत.

दुर्मीळ आजारातून सर्वांसाठी औषध ही वाट दर वेळी मुक्कामाला पोचतेच असे नाही. पिक्नोडिसोस्टोसिस या आजारात कॅथेप्सिन के हे विकर नसते, म्हणजे ऑस्टिओक्लास्टची कात्रीच नसते. ती कात्री बोथट करणारे ओडानाकॅटिब हे औषध तयार झाले, त्याने अस्थिभंग खरोखर घटले, आणि तरीही पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसल्यावर २०१६ साली त्याचे काम थांबवण्यात आले. या पुस्तकात यशाच्या गोष्टींशेजारी अशा गोष्टीही येतात, आणि त्या तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हव्यात.

कधी कधी एकटा रुग्णही शास्त्राला दिशा देऊन जातो. व्यापारी जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची हाडे ऐन उमेदीत मोडू लागली, पाठ वाकली आणि उंची सात इंचांनी घटली. न्यूयॉर्कमध्ये निदान झाले आणि त्यांना बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पाठवले: गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एक बेताल झाली होती आणि तिचा स्राव हाडातले कॅल्शियम अखंड उपसत होता. ती शोधायला सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि सहाही वाया गेल्या. मार्टेल स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात बसून वाचू लागले आणि छातीत शोधा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले. १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत गाठ उरोस्थीच्या मागे सापडली. मूतखड्यांनी मूत्रपिंडे तोवर खराब झाली होती. काही आठवड्यांतच ते गेले.

ज्या संप्रेरकाने मार्टेल यांची हाडे पोखरली, त्याच्याच ८४ पैकी पहिल्या ३४ दुव्यांचा तुकडा आज हाडे बांधायला वापरतात. त्याचे नाव टेरिपॅराटाइड. रोज एक छोटे इंजेक्शन, पातळी क्षणभर चढते आणि लगेच उतरते. अखंड चढी पातळी ऑस्टिओक्लास्टना जागे करते, थोड्या वेळाचा उसळता डोस ऑस्टिओब्लास्टना. रेणू तोच, ताल वेगळा. २००१ सालच्या चाचणीत या इंजेक्शनांनी मणक्याचे नवे अस्थिभंग ६५ टक्क्यांनी घटले.

आता एक प्रयोग, जो घरच्या ओट्यावर करता येतो. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर अधूनमधून बदलावे. काही दिवसांनी ते बोटांनी वाकते, कारण चुना विरघळला आणि कोलॅजेनचे धागे तेवढे राहिले. दुसरे हाड निखाऱ्यावर भाजावे. आकार तसाच राहतो, पण दाबले की भुगा होतो. इथे धागे जळाले आणि चुना उरला. हाडाची ताकद या दोघांच्या संसारात आहे. हाडांची घनता तपासणारे डेक्सा यंत्र मोजते ते त्यातले फक्त खनिज.

या फरकाची किंमत विदर्भ-मराठवाड्यातल्या काही गावांना चांगली ठाऊक आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. ते हाडाच्या स्फटिकात शिरून बसते. एक्स-रेवर हाड पांढरेशुभ्र, भरीव दिसते, आणि माणूस मात्र मान वळवू शकत नाही, पाठ ताठ होते, उकिडवे बसता येत नाही. भारतात हा आजार १९३७ साली शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी आजच्या आंध्रातल्या नेल्लोर भागातून सविस्तर नोंदवला. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातले फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली. भरीव दिसणाऱ्या हाडांबद्दलची ही साक्ष गावोगावी उभी असताना, सोडियम फ्लोराइड हे ठिसूळ हाडांवरचे औषध ठरेल अशी आशा पश्चिमेत बाळगली जात होती. १९९० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रिग्ज यांनी २०२ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चार वर्षांत कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती, आणि मणक्याबाहेरचे अस्थिभंग फ्लोराइडच्या गटात ७२, दुसऱ्या गटात २४ झाले होते. तेव्हापासून कोणत्याही नव्या औषधाला एकच प्रश्न आधी विचारतात: घनता वाढली ते ठीक, हाडे मोडायची थांबली का?

महाराष्ट्राशी जोडलेला आणखी एक धडा नाशिकचा. हचिसन आणि शहा यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, मुडदूस आणि हाडे मऊ पडण्याचा आजार खात्यापित्या घरांत, पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांत आणि त्यांच्या मुलांत होता. उन्हात राबणाऱ्या गरिबांत, त्यांचे अन्न निकृष्ट असूनही, तो जवळजवळ नव्हता. जीवनसत्त्व 'ड'ची ओळख युरोप-अमेरिकेत नुकती होत होती, त्याच वर्षांतले हे निरीक्षण. आज पडदा पूर्वीसारखा नाही, पण घर, वाहन आणि कार्यालय यांच्या सावलीत दिवस जातो, आणि भरपूर ऊन असलेल्या या देशात जीवनसत्त्व 'ड'ची कमतरता शहरोशहरी आढळते. डॉक्टरांसाठी यात एक व्यावहारिक अट दडलेली आहे. मऊ पडलेले हाड आणि विरलेले हाड डेक्साच्या कागदावर सारखेच दिसू शकते. टेट्रासायक्लिनच्या तपासणीत मात्र फरक उघड होतो: खनिजच चढत नसेल तर पिवळ्या रेघा पसरट, पुसट होतात किंवा उमटतच नाहीत. अशा रुग्णाला आधी कॅल्शियम आणि जीवनसत्त्व 'ड' हवे. ते न देता हाडाची झीज रोखणारे जोरदार औषध दिले, तर रक्तातले कॅल्शियम घसरून तो संकटात येतो.

शब्दांविषयी थोडे सांगायला हवे. मराठीत अस्थिभंजक, अस्थिजनक असे पर्याय आहेत, तरी या प्रस्तावनेत ऑस्टिओक्लास्ट, ऑस्टिओब्लास्ट हेच शब्द ठेवले, कारण रुग्णाच्या फायलीत आणि डॉक्टरांच्या तोंडी तेच भेटतात. जिथे मराठीत जिवंत शब्द आहे, तिथे तोच घेतला: खुबा, मणका, मुडदूस, पोक, झीज. रुग्ण आपले दुखणे याच शब्दांत सांगतो, आणि 'कॅल्शियम कमी झालंय' या एका वाक्यात तो चार वेगळे आजार सांगत असू शकतो. ते वेगळे करणे हे पुढच्या प्रकरणांचे काम आहे. आधी पेशी, मग संप्रेरके, मग मुलांची वाढ, मग म्हातारपण, आणि शेवटी औषधे, त्यांच्या मर्यादांसह.

औषधांच्या प्रकरणात एक गोष्ट ठळकपणे येते. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. ते ऑस्टिओक्लास्टना जन्मूच देत नाही. पण पुढचा डोस चुकला आणि दुसरे औषधही सुरू केले नाही, तर थोपवून धरलेली झीज उसळून येते आणि एका पाठोपाठ एक मणके दबू शकतात. म्हणून ते सुरू करतानाच पुढच्या तारखा घरातल्या कोणाला तरी ठाऊक हव्यात. रेण्वीय जीवशास्त्राचा शोध इथे भिंतीवरच्या कालनिर्णयात येऊन पोचतो.

सगळ्यात मोठी फट मात्र औषधांत नाही, रुग्णालयाच्या दोन खोल्यांमध्ये आहे. पहिल्या खोलीत मोडलेले हाड जोडतात: रॉड टाकतात, बॉल बदलतात, प्लॅस्टर घालतात. ते का मोडले हा प्रश्न दुसऱ्या खोलीतला, आणि बहुतेक रुग्ण तिथे पोचतच नाहीत. ग्लासगोमध्ये १९९९ च्या सुमारास ही फट बुजवायला साधी व्यवस्था उभी राहिली. अस्थिभंग घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एक परिचारिका घेई, त्याची हाडांची तपासणी आणि पुढचे उपचार ठरले आहेत का हे पाही. तिथून ही पद्धत अनेक देशांत गेली.

मनगटाचे प्लॅस्टर काढायला आलेली साठीतली बाई डोळ्यांपुढे आणावी. ओल्या फरशीवर ती हातावर पडली, दीड महिना झाला. प्लॅस्टर कापले जाते, हात पांढुरका, जरा बारीक झालेला. एक्स-रेत सांधा नीट बसला आहे. ती बोटे उघडमीट करून पाहते आणि निघायला उठते. या क्षणी तिची उंची मोजली, ती तरुणपणीच्या उंचीहून किती कमी झाली हे विचारले, आईचा खुबा कधी मोडला होता का हे विचारले, रक्तातले कॅल्शियम आणि जीवनसत्त्व 'ड' तपासले, डेक्साची चिठ्ठी हातात दिली, तर तिचा स्वतःचा खुबा वाचण्याची शक्यता वाढते. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे कुणी, कुठे आणि कशी काढायची, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे.